इन्फ्लेमेबल म्हणजे पेटणारं की न पेटणारं?

प्रश्न : पेट्रोलच्या टँकरवर 'हायली इन्फ्लेमेबल' लिहिलेलं असतं आणि डिओच्या डब्यावर 'फ्लेमेबल'. करेक्टचं इनकरेक्ट होतं, मग इन्फ्लेमेबल म्हणजे न पेटणारं असं व्हायला पाहिजे ना? मुलीने विचारलं आणि मी गप्पच. – एक वाचक, सांगली

उत्तर : मुलगी हुशार आहे! पण नाही, दोन्हीचा अर्थ एकच, पटकन पेट घेणारं. इथला 'इन' नकाराचा नाहीच, तो लॅटिनमधल्या 'इन्फ्लामारे' म्हणजे पेटवणे या क्रियापदातून आलाय. डॉक्टर सूज आली की इन्फ्लेमेशन म्हणतात, भडकाऊ भाषणाला इन्फ्लेमेटरी म्हणतात, सगळं एकाच घराण्यातलं.

खरं तर इन्फ्लेमेबल हाच जुना शब्द, सतराव्या शतकापासून चालत आलेला, फ्लेमेबल १९व्या शतकातला. पण तुमच्या मुलीला आली तीच शंका बाकीच्यांनाही येणार आणि शंकेपायी कोणीतरी ड्रमशेजारी बिडी ओढत बसणार, म्हणून अमेरिकेतल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने १९२०च्या दशकात सांगायला सुरुवात केली की बाबांनो फ्लेमेबलच लिहा. आपल्याकडे टँकरवर मात्र जुनंच टिकलंय. मला विचाराल तर त्यापेक्षा आपलं 'ज्वालाग्राही' बरं, त्यात उलटा अर्थ काढायला जागाच नाही.

न पेटणाऱ्याला नॉन-फ्लेमेबल म्हणायचं, 'नॉन-इन्फ्लेमेबल' चूक नाही पण वाचणाऱ्याचं डोकं फिरतं. लेबल, नोटीस, कारखान्यातली पाटी असेल तर डोळे झाकून फ्लेमेबल लिहा, निबंधात दोन्ही चालतात. चटकन भडकणाऱ्या स्वभावाला मात्र इन्फ्लेमेबल जास्त शोभतं.

आणि कम्बस्टिबल वेगळं बरं का, ते जळतं पण आधी चांगलं तापावं लागतं. पेट्रोलचं तसं नाही, त्याचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते ते, शून्याखाली ४० अंशांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडे भर थंडीतसुद्धा त्याची वाफ ठिणगीची वाटच बघत असते. पुढच्या वेळी टँकर दिसला की मुलीला मागची पाटी वाचायला सांगा, १२०३ हा पेट्रोलचा आंतरराष्ट्रीय नंबर, आणि अपघातात काय करायचं ते सांगणारा '३वायई' (3YE) हा कोड असेल तर त्यातला ३ म्हणजे आग लागल्यास फोम मारा, शेवटचा ई म्हणजे आजूबाजूच्या लोकांना हलवायचं बघा.