घरात मराठी बोलतो, हे फॉर्मवर लिहावं का?

प्रश्न: ताई, आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. सेन्सस ब्युरोचा, म्हणजे इथल्या जनगणना खात्याचा, ‘अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे’ घरी आलाय. घरात इंग्रजीखेरीज कोणती भाषा बोलता, इंग्रजी कितपत येतं, असं प्रत्येकाबद्दल विचारलंय. धाकटीला यंदा किंडरगार्टनला घालायचंय, तिच्या शाळेच्या फॉर्मवरही घरातली भाषा विचारलीय. हे म्हणतात, सगळीकडे ‘इंग्रजी’ लिहून मोकळी हो, नाहीतर तिला ईएसएलला, म्हणजे घरी दुसरी भाषा असलेल्या मुलांच्या इंग्रजीच्या वर्गाला, टाकतील. सासूबाईंना इंग्रजी जेमतेम येतं. ‘नॉट वेल’वर खूण केली तर त्यांना वाईट वाटेल. काय करू?
– एक वाचक, एडिसन

उत्तर: दोन्हीकडे मराठी लिहा.

आधी भीती घालवते. या दोन फॉर्मांचा एकमेकांशी संबंध नाही. सेन्ससला दिलेली माहिती कायद्याने गोपनीय असते, ती शाळेकडे जात नाही. आणि इंग्रजी कितपत येतं, हे पाच वर्षांखालच्या मुलांबद्दल विचारतच नाहीत.

शाळेच्या फॉर्मवरून एवढंच ठरतं की मुलीचं इंग्रजी तपासून बघायचं की नाही. न्यू जर्सीत त्यासाठी ‘विडा’ या संस्थेची इंग्रजीची चाचणी आहे. तिला इंग्रजी नीट येत असेल तर विषय तिथेच संपला. नसेल तर मदत मिळेल, आणि नको असेल तर आईवडील तसं कळवून नाकारू शकतात. मी इथे बरीच वर्षं ईएसएल शिकवलं. फॉर्मवर ‘इंग्रजी’ लिहिलेली मुलं यायची. मूल वर्गात गप्प. ‘कोट काढून खुंटीला लाव’ म्हटलं की आधी शेजारच्याकडे बघायचं, मग त्याच्यासारखं करायचं. ‘याच्या कानात काही दोष आहे का’ इथपर्यंत चर्चा जायची. मदत हक्काची होती, पण मूल तिच्याविना महिनोन्महिने बसून राहायचं. जीव तुटायचा माझा.

आता सासूबाई. त्यांनाच विचारा आणि त्या सांगतील तिथे खूण करा. ‘व्हेरी वेल’ सोडून बाकीचे तिन्ही पर्याय सरकार ‘इंग्रजी कमी येणारे’ या एकाच गटात मोजतं, त्यामुळे नुसतं ‘वेल’ लिहिणारेही त्यांच्याच रांगेत येतात. या आकड्यांना वजन आहे. १९७५ पासून मतदान हक्क कायद्यात तरतूद आहे: इंग्रजी कमी येणारे एका भाषागटाचे मतदार एखाद्या काउंटीत (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग) १० हजारांवर किंवा ५ टक्क्यांवर गेले, आणि त्यांच्यात निरक्षरतेचं प्रमाण देशाच्या सरासरीपेक्षा जास्त असलं, की त्यांच्या भाषेत मतपत्रिका द्यावी लागते. न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये बंगालीत मिळते ती अशीच. आपलं काय? सेन्ससच्या भाषांच्या मुख्य तक्त्यात गुजराती, बंगाली, पंजाबीला स्वतंत्र ओळ आहे, मराठी मात्र नेपाळी आणि ‘इतर’ भाषांसोबत एका ओळीत. घरोघरी आपणच ‘इंग्रजी’ लिहीत राहिलो, तर वेगळी ओळ कुठून येणार?

आणखी एक, न विचारता सांगते. सासूबाईंना दवाखान्यात नेता तेव्हा नातवंडांना दुभाषी करू नका. सरकारी पैसा घेणाऱ्या रुग्णालयाला मोफत दुभाषी द्यावा लागतो. अपॉइंटमेंट घेतानाच ‘मराठी’ सांगून ठेवा, फोनवर माणूस मिळू शकतो. फॉर्मवरही ‘इंडियन’ किंवा ‘हिंदी’ नको, मराठीच लिहा.