टेस्लाचे शेअर भारतातून घ्यावेत का, आणि घ्यायचे तर कसे?

तुम्ही विचारलंय की म्युच्युअल फंडात 20 लाख आहेत, वेगळे 5 लाख हाताशी आहेत, मुंबईत टेस्लाची शोरूम उघडल्यापासून हा शेअर डोक्यात आहे, तर सगळे 5 लाख आत्ताच टाकावेत की भाव पडेपर्यंत थांबावं?

माझं मत: दोन्ही नको. या शेअरमध्ये केव्हा शिरायचं यापेक्षा किती रकमेनं शिरायचं हा प्रश्न मोठा आहे, आणि त्याचं उत्तर आजच्या भावात नाही, जुन्या घसरणीत आहे. पुढचे सगळे भाव 2020 मध्ये एका शेअरचे पाच आणि 2022 मध्ये एकाचे तीन झाले, त्या विभाजनांचा हिशेब धरून दिलेत. नोव्हेंबर 2021 मध्ये शेअर 410 डॉलरच्या आसपास बंद झाला. जानेवारी 2023 च्या पहिल्या आठवड्यात तो 102 पर्यंत आला, म्हणजे 14 महिन्यांत 75 टक्के गेले. मूळ भावाला परत यायला तिथून चौपट व्हावं लागतं आणि तसं व्हायला डिसेंबर 2024 उजाडला. त्या महिन्यात 480 चा बंद भाव दिसला, आणि चार महिन्यांच्या आत तो 222 वर होता. कंपनी बुडाली नाही, घोटाळा उघडकीला आला नाही, तरी हे झालं. पुन्हा होणार असं धरूनच रक्कम ठरवा.

तुमचे एकूण 25 लाख. त्यातले 5 टक्के म्हणजे सव्वा लाख टेस्लात घातले आणि भाव 75 टक्के पडला, तर सुमारे 94 हजार जातील, म्हणजे एकूण पुंजीच्या पावणेचार टक्के. वाईट वाटेल, पण तुम्ही घाबरून विकणार नाही. पूर्ण 5 लाख घातले तर त्याच घसरणीत पावणेचार लाख जातात, एकूण पुंजीच्या 15 टक्के. तिथे माणूस तळाला विकून मोकळा होतो. मी सव्वा लाखाच्या वर जाऊ नका असंच सांगेन. आणि आधी तुमच्या फंडांची यादी उघडून बघा. नॅस्डॅक 100 किंवा एस अँड पी 500 या अमेरिकी निर्देशांकांवर चालणारा फंड असेल तर थोडी टेस्ला तुमच्याकडे आजच आहे.

आता पैसे नेमके कशावर लावताय ते बघू. शोरूम हे कारण धरू नका. 2025 मध्ये 60 लाखांच्या आसपास किमतीला आलेली मॉडेल वाय भारतात जितकी खपेल, त्यानं जगभरात वर्षाला 16 ते 18 लाख गाड्या देणाऱ्या कंपनीच्या हिशेबात फरक पडत नाही. मुळात गाड्यांचा धंदाच सध्या वाढत नाहीये. 2023 मध्ये सुमारे 18.1 लाख गाड्या ग्राहकांना दिल्या, 2024 मध्ये 17.9 लाख, 2025 मध्ये 16.4 लाख. किमती कापाव्या लागल्यामुळे गाड्यांवरचा ढोबळ नफा, म्हणजे विक्रीतून गाडी बनवण्याचा खर्च वजा केल्यावर उरणारा भाग, 2022 मधल्या 28 टक्क्यांवरून 2024 मध्ये 18 टक्क्यांवर आला.

निकाल वाचताना एक ओळ हमखास नजरेतून सुटते, ती म्हणजे रेग्युलेटरी क्रेडिट. प्रदूषणाचे नियम न पाळू शकणाऱ्या इतर कंपन्या टेस्लाकडून हे क्रेडिट विकत घेतात. टेस्लाला त्यासाठी जवळजवळ काहीच खर्च नसतो, त्यामुळे ही रक्कम थेट नफ्यात उतरते. 2024 मध्ये ती 276 कोटी डॉलर होती आणि त्या वर्षीचा निव्वळ नफा सुमारे 710 कोटी. क्रेडिटची रक्कम करापूर्वीची आहे, म्हणून सरळ वजाबाकी करू नका, पण वजन किती ते कळतं. जुलै 2025 च्या कायद्यानं अमेरिकेत इंधन-कार्यक्षमतेच्या नियमाचा दंड शून्यावर आणला, म्हणजे क्रेडिट घ्यायची इतरांची गरजच कमी झाली. त्याच कायद्यानं ग्राहकाला मिळणारी 7,500 डॉलरची करसवलत 30 सप्टेंबर 2025 ला संपवली. मुदत संपायच्या आत लोकांनी गाड्या उचलल्या, म्हणून त्या तिमाहीत विक्रमी 4.97 लाख गाड्या गेल्या आणि पुढच्या तिमाहीत आकडा 4.18 लाखांवर घसरला. ज्यांनी फक्त विक्रमाची बातमी वाचली त्यांची इथे फसगत झाली.

तरी भाव एवढा का? 480 डॉलरच्या भावाला 2024 ची शेअरमागची कमाई 2.04 डॉलर होती, म्हणजे कमाईच्या 230 पटींहून जास्त. गाड्या विकणाऱ्या कंपनीला कुणी हा भाव देत नाही. हे पैसे रोबोटॅक्सी (चालकाविना धावणाऱ्या टॅक्सी), ऑप्टिमस हा माणसासारखा रोबो आणि वीज साठवणाऱ्या बॅटऱ्यांच्या अपेक्षेवर लागलेत. बॅटऱ्यांचा धंदा खरोखर वाढतोय, 2023 मधल्या 14.7 गिगावॅट-तासांवरून 2024 मध्ये 31.4 वर गेला. बाकी दोन अजून नफ्यात दिसत नाहीत. म्हणून हा शेअर आकड्यांपेक्षा घोषणांवर आणि कंपनीचे प्रमुख मस्क काय बोलले यावर जास्त हलतो. 5 जून 2025 ला त्यांचं आणि ट्रम्प यांचं जाहीर भांडण झालं, तेव्हा एका दिवसात 14 टक्के गेले. अशा दिवसाचा अंदाज कुठल्याच ताळेबंदातून येत नाही.

पैसे पाठवण्याची रीत. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेखाली माणशी आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात. अमेरिकी शेअर देणाऱ्या ब्रोकरकडे खातं उघडा, पॅन आणि पत्त्याचा पुरावा द्या, आपण अमेरिकेचे करदाते नाही हे सांगणारा डब्ल्यू-8 बेन फॉर्म भरा. मग तुमच्या बँकेत ए2 फॉर्म भरून डॉलर पाठवा. वर्षात 10 लाखांपर्यंत टीसीएस, म्हणजे बँक आगाऊ कापून घेते तो कर, लागत नाही. त्यावरच्या रकमेवर 20 टक्के कापतात. ते पैसे विवरणपत्रात वळते होतात, पण तोवर अडकून पडतात. हे 2025-26 चे नियम आहेत.

दरमहा 5 हजारांची एसआयपी इथे तोट्याची पडते. समजा बँक प्रत्येक वेळी हजार रुपये शुल्क घेते, तर 5 हजारांवर 20 टक्के तिथेच गेले. सव्वा लाखावर तेच शुल्क एक टक्काही होत नाही. डॉलरच्या दरात बँक स्वतःचा फरक ठेवते, तो वेगळा. तेव्हा पाठवणी एकदाच करा आणि खरेदी चार हप्त्यांत, अपूर्णांकात शेअर घेऊन. मात्र न गुंतवलेले डॉलर 180 दिवसांच्या आत गुंतवावे लागतात किंवा परत आणावे लागतात, म्हणून हप्ते पाच महिन्यांत संपवा.

अमेरिकी बाजार आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी 7 ते रात्री दीड आणि हिवाळ्यात 8 ते अडीच चालतो. तिमाही निकाल बाजार बंद झाल्यावर, म्हणजे तुम्ही झोपेत असताना येतात. स्टॉप लॉस, म्हणजे भाव ठरावीक आकड्याखाली गेला की आपोआप विकायची ऑर्डर, यातून वाचवत नाही. 23 जुलै 2024 ला शेअर 246 वर बंद झाला, रात्री निकाल आले, दुसऱ्या दिवशी बाजार उघडतानाच भाव 230 च्या खाली होता. 240 चा स्टॉप लॉस लावलेल्याला 240 मिळाले नाहीत, उघडला तो भाव मिळाला. ऑर्डर शक्यतो लिमिट लावा, म्हणजे तुम्ही ठरवलेल्या किंवा त्याहून चांगल्या भावालाच व्यवहार होईल. आणि टेस्लाच्या दुप्पट हलणारे जे फंड निघालेत, त्यांच्या वाटेला जाऊ नका. शेअर 100 वरून 90 झाला आणि परत 100 वर आला, तर असा फंड 100 वरून 80 आणि मग 97.8 वर येतो. शेअर जागच्या जागी राहिला तरी तुमचे सव्वादोन टक्के गेलेले असतात, आणि टेस्ला असे हेलकावे सतत खाते.

कराकडे नीट लक्ष द्या. 24 महिन्यांपेक्षा जास्त ठेवून विकलं तर नफ्यावर साडेबारा टक्के, त्याआधी विकलं तर तुमच्या स्लॅबप्रमाणे. भारतीय शेअरवर मिळणारी सव्वा लाखाची सूट इथे नाही. नफा रुपयांत मोजतात, म्हणून 250 डॉलरला घेऊन 250 लाच विकलं, पण दरम्यान डॉलर 84 चा 88 झाला, तरी शेअरमागे हजार रुपयांचा करपात्र नफा निघतो. विक्रीच्या रकमेला आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा स्टेट बँकेचा टीटी खरेदी दर (बँक ज्या दरानं डॉलर विकत घेते तो) लावतात. तोटा झाला तर विवरणपत्र मुदतीत भरा, म्हणजे तो आठ वर्षं पुढे ओढता येतो.

सगळ्यात जास्त चुका शेड्यूल एफएमध्ये, म्हणजे विवरणपत्रातल्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात होतात. एक अपूर्णांक शेअर असला तरी विवरणपत्राचा साधा फॉर्म, आयटीआर-1, चालत नाही, आयटीआर-2 किंवा 3 लागतो. शेड्यूल एफए आर्थिक वर्षाचं नसून जानेवारी ते डिसेंबरचं असतं. त्यात सुरुवातीची किंमत, वर्षातली सर्वोच्च किंमत आणि 31 डिसेंबरची किंमत तिन्ही मागतात. जूनमध्ये घेऊन ऑगस्टमध्ये विकलेला शेअरही दाखवावा लागतो. माहिती दडवल्यास काळा पैसा कायद्याखाली 10 लाखांचा दंड होऊ शकतो. ऑक्टोबर 2024 पासून 20 लाखांपर्यंतच्या शेअर-ठेवींसारख्या मालमत्तेला त्यातून सूट मिळाली, तरी माहिती देणं टळलेलं नाही.

घरातल्यांसाठी एक गोष्ट खातं उघडतानाच विचारून घ्या. अमेरिकेत न राहणाऱ्या परदेशी माणसाची तिथली मालमत्ता 60,000 डॉलरच्या वर असेल, तर मृत्यूनंतर त्यावरच्या भागाला 40 टक्क्यांपर्यंत वारसा कर लागतो, आणि या कराबाबत भारताचा अमेरिकेशी करार नाही. सव्वा लाखात हा प्रश्न येत नाही. पण भाव वाढत गेला किंवा पुढे इतर अमेरिकी शेअर घेतले, तर ही मर्यादा लक्षात ठेवून काही भाग वेळीच विकावा लागेल. नॉमिनी घेतात का आणि वारसाला शेअर मिळायला कुठले कागद लागतात, हे ब्रोकरकडून ईमेलवर लेखी घ्या आणि ती ईमेल घरात कुणाला तरी दाखवून ठेवा.