कंप्रेसर पेडल लावल्यापासून बेस अँप घुमतोय, आवाज मध्येच बसतोय. दोष पेडलचा की अँपचा?

तुमची तक्रार थोडक्यात अशी: खानापूरच्या ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवता, चार तारांचा पॅसिव्ह (आत बॅटरी नसलेला) बेस, १०० वॅटचा जुना कॉम्बो (स्पीकर आतच असलेला) अँप. गणपतीच्या कार्यक्रमांसाठी म्हणून कंप्रेसर पेडल (बेस आणि अँपच्या मधे लावायचं, जोराचे स्वर दाबणारं) घेतलं आणि तेव्हापासून तीन गोष्टी मागं लागल्या. वाजवायचं थांबलं की अँप घुमतो, वाजवताना आवाज मध्येच बसतो आणि आपोआप परत येतो, आणि बोटाचा ठोका पूर्वीसारखा लागत नाही. एकजण म्हणतो पेडल बोगस आहे, दुसरा म्हणतो अँप गेला.

मी बेळगावात शहापूरकडं असले अँप दुरुस्त करतो, सीझनला स्वतःही बेस वाजवतो. मला दोघांचंही पटत नाही. तीन तक्रारींची कारणं तीन वेगळी दिसतात, आणि त्यातलं एक तर पेडल यायच्या आधीपासूनच अँपमध्ये बसलेलं असणार. लग्नसराई संपली की अँप कोपऱ्यात जातो, मग जांबोटी-कणकुंबीकडचा तो पाऊस. गणपतीच्या तोंडावर अँप बाहेर निघतो आणि त्याच आठवड्यात नवीन पेडल घरात येतं. आळ कुणावर जाणार, पेडलवरच.

तेव्हा आधी पेडल बाजूला ठेवा. बेसमधून एकच चांगली केबल थेट अँपमध्ये घाला आणि दहा-पंधरा मिनिटं वाजवा. घुमणं कमी होईल, ठोका परत येईल, पण आवाज मध्येच बसणं तसंच राहील असा माझा अंदाज आहे. तसं झालं तर अँपच्या मागं बघा. 'सेंड' आणि 'रिटर्न' लिहिलेले दोन जॅक असतील, बाहेरचं पेडल अँपच्या मधे जोडायचे. एक छोटी पॅच केबल घ्या, तिचं एक टोक सेंडमध्ये आणि दुसरं रिटर्नमध्ये खुपसा आणि परत वाजवा. आवाज बसायचा थांबला, तर रोग सापडला.

असं का होतं ते सांगतो. रिटर्नच्या जॅकमध्ये एक पातळ पत्र्याची पट्टी असते. जॅक रिकामा असताना ही पट्टी दुसऱ्या पत्र्याला टेकून असते आणि अँपचा सगळा सिग्नल त्या एका टेकलेल्या ठिपक्यातून पुढं जातो. त्या जॅकमध्ये वर्षानुवर्षं कुणी काही घालत नाही. ओल धरते, पत्र्यावर काळपट थर चढतो, आणि बारीक सिग्नल त्या थरातून पलीकडं जाईनासा होतो. जोरात तार मारली की मात्र तो थर भेदून जातो. म्हणून आवाज बसतो आणि एक जोराचा ठोका दिला की 'आपोआप' परत येतो. ही खूण दिसली की मी अँप उघडायच्या आधी पॅच केबल शोधतो. ओल धरलेल्या अँपमध्ये हा दोष इतका नेहमीचा आहे की आमच्याकडं पावसाळ्यानंतर येणाऱ्या अँपना पहिली तपासणी हीच.

उपाय पण सोपा. अँपची पिन भिंतीतून काढा, कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा केबलच्या पिनवर मारा आणि ती पिन रिटर्नमध्ये भराभर आत-बाहेर करा. दहा-बारा वेळा केलं की पट्टी घासून निघते. गंजलेल्या बिजागरीवर मारतात तो तेलकट स्प्रे नको, त्यावर धूळ बसून महिन्याभरात परत तेच. क्लीनर मिळेपर्यंत ती पॅच केबल तशीच लावून ठेवून कार्यक्रम केलात तरी काही बिघडत नाही. पॅच केबलनंही फरक पडला नाही, तर अँपच्या पुढच्या बाजूचा इनपुट जॅक हलवून बघा. त्याचा नट सैल झालेला असतो, केबल ओढली की जॅक जागेवर फिरतो आणि आतलं सोल्डर तुटतं. तिथं मात्र सोल्डरिंगशिवाय इलाज नाही.

आता घुमणं. इथं कंप्रेसर काय करतो ते कळलं पाहिजे, कारण बरेचजण त्याला आवाज वाढवायचं यंत्र समजून विकत घेतात. तो उलटं करतो. एक पातळी ठरवायची, तिच्यावर गेलेला आवाज दाबायचा. ४:१ प्रमाण असेल, तर पातळीच्या १२ डेसिबल वर गेलेला स्वर बाहेर पडताना फक्त ३ डेसिबल वर असतो. ९ डेसिबल गेले. ते भरून काढायला तुम्ही लेव्हलचं बटण ९ डेसिबल वर नेता. आता गंमत अशी की दोन स्वरांच्या मध्ये जी शांतता होती, तिला कुणी दाबलेलंच नव्हतं. तीही ९ डेसिबल वर आली, आणि तिच्यात जी काही घरघर, सूंसूं होती ती सगळी सोबत आली. म्हणजे घुमणं पेडलनं तयार केलं असं नाही, होतं ते मोठं करून दाखवलं.

मग ते मुळात येतंय कुठून? आधी कान लावा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. तुमच्या जाड 'ई' (E) तारेवर तिसऱ्या पडद्यावर 'जी' (G) स्वर वाजतो तो ४९ हर्ट्झचा, आणि मोकळी 'जी' (G) तार ९८ हर्ट्झची. घुमणं तिसऱ्या पडद्याच्या त्या जीला लागून, किंचित वर असेल, तर ते साधं ५० चं: बेसचं पिकअप (तारांखालची चुंबक-कॉइल), केबलची जाळी (आतल्या तारेभोवतीचं विणलेलं आवरण) किंवा अर्थिंग. मोकळ्या जीच्या किंचित वर आणि जरा खरखरीत असेल तर १०० चं. ते पॉवर सप्लायमधून येतं, म्हणजे पेडलचा अॅडॅप्टर किंवा अँपमधले म्हातारे झालेले कपॅसिटर. बेसवाल्याला हे ओळखायला मीटर लागत नाही, ट्यूनर हातातच आहे.

अॅडॅप्टरची खात्री करायची तर पेडलमध्ये ९ व्होल्टची बॅटरी घाला, म्हणजे बॅटरीची सोय असेल तर. घुमणं गेलं, तर अॅडॅप्टर बदला. बहुतेक पेडलना ९ व्होल्ट डीसी लागतं आणि मधली पिन निगेटिव्ह असते. घरात पडलेल्या वायफायच्या डब्याचा किंवा कीबोर्डचा अॅडॅप्टर बसतो म्हणून लावू नका, त्यांची मधली पिन बऱ्याचदा पॉझिटिव्ह असते. आणि बॅटरीवर वाजवलंत तर कार्यक्रम झाला की पेडलच्या इनपुटमधली केबल काढा. ती आत असेपर्यंत बॅटरी चालूच असते, पायानं पेडल बंद केलं तरी.

पिकअपची तपासणी आणखी सोपी. बेस गळ्यात घालून जागच्या जागी हळूहळू फिरा. एका दिशेला घुमणं वाढलं आणि दुसऱ्या दिशेला मेलं, तर ते हवेतून पिकअपमध्ये येतंय. लाईटचे डिमर, एलईडीच्या माळा, जवळ ठेवलेला अँपचा ट्रान्सफॉर्मर. दोन सिंगल पिकअपचा जॅझ बेस असेल तर दोन्ही व्हॉल्यूम सारखे पूर्ण उघडा, घुमणं बरंचसं कटतं.

तारांना हात लावल्यावर घुमणं कमी होत असेल तर घाबरायचं कारण नाही, शिल्डिंग (बाहेरचं घुमणं अडवणारं आवरण) थोडं कमी आहे इतकंच. पण तारांना हात आणि ओठ माईकला लागल्यावर झिणझिणी येत असेल, तर कार्यक्रम तिथंच थांबवा. मंडपात जनरेटरवरून किंवा खांबावरून लाईन ओढलेली असते, अर्थिंगचा पत्ता नसतो, आणि कुणीतरी 'घुमतंय' म्हणून अँपच्या पिनेचा तिसरा जाड पाय कापलेला असतो. हे मी बघितलंय आणि बघून राग येतो. मल्टीमीटर एसी ७५० वर ठेवा, एक काडी माईकच्या जाळीला, दुसरी बेसच्या तारेला. दोन-चार व्होल्टच्या वर काही दिसलं तर वायरमनला बोलवा, तो येईपर्यंत कुणीही वाजवायचं नाही. अर्थ-लूपचं (अर्थ दोन वाटांनी जुळल्यामुळं होणारं) घुमणं घालवायला अर्थ कापायचा नसतो. त्यासाठी डीआय बॉक्सवर (बेसचा सिग्नल मिक्सरकडं नेणारा छोटा डबा) ग्राउंड लिफ्टचं बटण असतं, ते फक्त ऑडिओ केबलची जाळी सोडवतं, अँपचं अर्थिंग जागेवर राहतं.

तिसरी तक्रार, ठोका. हा दोष कुणाचाच नाही, बटणांचा आहे. बोटाचा ठोका म्हणजे स्वराचा पहिला क्षण. कंप्रेसरचा अटॅक (दाब किती लवकर सुरू होतो ते) फार जलद असला की तो क्षणच दाबला जातो आणि मागं उरतो नुसता गुळगुळीत आवाज. अटॅक २० ते ४० मिलीसेकंदांच्या आसपास ठेवला तर ठोका निसटून पुढं जातो आणि मग दाब येतो.

रिलीजकडं (दाब किती वेळात सुटतो त्याकडं) लोक बघतच नाहीत, बेसवर तर तो जास्त महत्त्वाचा. मोकळी ई तार ४१ हर्ट्झची, म्हणजे तिची एक लहर पूर्ण व्हायला सुमारे २४ मिलीसेकंद लागतात. रिलीज त्याच्या आसपास किंवा त्याहून जलद ठेवलात तर कंप्रेसर एकाच लहरीच्या आत वर-खाली व्हायला लागतो आणि स्वर गुरगुरतो, फाटल्यासारखा. लोकांना वाटतं स्पीकर फाटला. रिलीज १५० मिलीसेकंदांच्या पुढं न्या. पण फार लांबही नको: १२० च्या लयीत एक मात्रा ५०० मिलीसेकंदांची, अर्धी २५०. कोळीगीतात अर्ध्या-अर्ध्या मात्रेवर बेस पडतो, त्यात रिलीज लांबला तर पुढचा स्वर येतो तेव्हा मागचा दाब सुटलेलाच नसतो आणि सगळा बेस खाली बसल्यासारखा वाटतो. लावणीच्या उठावाला तर आणखी आखडून घ्यावा लागतो.

तुमच्या पेडलवर आकडे नसतीलच. एमएक्सआर डायना कॉम्पसारख्या दोन बटणांच्या पेडलवर अटॅक-रिलीज हातात नसतात; बॉस सीएस-३ सारख्यावर लेव्हल, टोन, अटॅक, सस्टेन अशी चार असतात. काही पेडलवर अटॅकचं बटण उजवीकडं फिरवलं की जलद होतं, काहींवर हळू, तेव्हा कानानंच ठरवा. सस्टेन किंवा सेन्सिटिव्हिटी (किती दाबायचं ते ठरवणारं बटण) पूर्ण खाली आणा. एकच सोपी ओळ सारखी वाजवत राहा, आणि जोराचे व हळू स्वर जरा एका उंचीवर आलेत असं वाटेपर्यंतच ते बटण वर न्या. घड्याळाच्या नऊ-दहाच्या पुढं सहसा जावं लागत नाही. मग पायानं पेडल चालू-बंद करत लेव्हल अशी लावा की दोन्हीकडं आवाज सारखाच वाटेल. चालू केल्यावर मोठा वाटतो म्हणून 'चांगला' वाटतो, ही फसगत टाळायला एवढं पुरे. तुमच्या अँपमध्ये स्वतःचा कंप्रेसर किंवा लिमिटर असेल तर तो आधी बंद करा. आणि डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाडणारं पेडल) वापरत असाल तर कंप्रेसर त्याच्या आधी लावा, नंतर लावलात तर सगळी खरखर परत वर.

माझा संशय असा आहे की पेडल घेण्यामागं खरं कारण वेगळं होतं: ढोलकी आणि ऑक्टोपॅडच्या गर्दीत बेस ऐकू येत नाही. त्याला कंप्रेसर हे औषध नाही, आणि २०० वॅटचा अँप घेऊनही फक्त ३ डेसिबल मिळतात. अँपवरचं बेसचं बटण ६ डेसिबल वर केलं की तेवढ्या भागाला अँपकडून चौपट ताकद लागते, १०० वॅटचा कॉम्बो तिथंच दमतो. ते बेसचं बटण थोडं उतरवा, मिडचं (मधल्या स्वरांचं) चढवा. अँप जमिनीवरून उचलून खुर्चीवर, आपल्या कानाच्या दिशेनं ठेवा. लोकांपर्यंत पोचवायचं काम डीआयमधून साउंडवाल्याच्या मिक्सरवर सोपवा. आणि कीबोर्डवाल्याला विचारा, तो डाव्या हातानं तोच बेस वाजवतोय का. आमच्याकडं निम्म्या वेळा भांडण तिथं असतं, पण ते मिटवायला कुठलंच पेडल येत नाही.

हे सगळं करूनही १०० हर्ट्झची घरघर पेडलशिवाय, बेसशिवाय, इनपुट रिकामा असतानाही येत असेल, तर कपॅसिटर बदलायची वेळ झालीय. तो अँप घरी उघडू नका. पिन काढल्यावरही मोठे कपॅसिटर भरलेले राहतात, आणि व्हॉल्व्हचा अँप असेल तर आत चारशे-पाचशे व्होल्ट असू शकतात. सेंड-रिटर्नमध्ये केबल घालून काय झालं ते लिहा, आणि अँपच्या मागच्या पॅनेलचा फोटो टाका, सगळे जॅक दिसतील असा.