बाहेरचा हात मोकळा : बाजू बदलणाऱ्या बचावपटूंविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझा मुलगा नोकरीनिमित्त पिट्सबर्गला असतो. गेल्या वर्षी काही महिने त्याच्याकडे राहिलो, तेव्हा तिथल्या स्टीलर्स संघाचे अमेरिकन फुटबॉलचे सामने पाहण्याची गोडी लागली. आता पलूसला परतल्यावरही रविवारी रात्री साडेदहाला मी मोबाइल घेऊन बसतो. या संघाने काही वर्षांपूर्वी आपल्या दोन आउटसाइड लाइनबॅकरांच्या, म्हणजे बचावफळीच्या दोन टोकांना उभ्या राहणाऱ्या बचावपटूंच्या, बाजू आपसांत बदलल्या होत्या आणि मुलाच्या मित्रमंडळींत त्याची चर्चा अजून चालते. दोघांचे काम एकच, मैदान दोन्हीकडे सारखेच. मग डावीकडचा उजवीकडे गेला तर एवढा ऊहापोह कशासाठी? आमच्या घरी शर्यतीचे बैल होते. उजव्या खांद्याला पळणारा बैल डाव्या खांद्याला जुंपला तर काय होते, ते मी लहानपणापासून पाहिले आहे. माणसाचेही तसेच असते का?
— एक निवृत्त शिक्षक, पलूस

उत्तर : आपण ज्या बदलाविषयी विचारता तो २०१८ च्या हंगामाआधीच्या सरावात झाला. टी. जे. वॉट हा २०१७ मध्ये संघात आलेला खेळाडू पहिल्या वर्षी बचावफळीच्या उजव्या टोकाला खेळला होता, तर बड डुप्री डाव्या टोकाला. दुसऱ्या वर्षी वॉट डावीकडे आला आणि डुप्री उजवीकडे गेला. आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असेच आहे. मात्र बैलाच्या बाबतीत बहुतांशी सवयीचा प्रश्न असतो, तर इथे सवयीच्या जोडीला समोर कोण उभा आहे, हाही प्रश्न येतो. म्हणून दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या पाहू.

प्रथम समोरच्या माणसाविषयी. चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक बहुधा उजव्या हाताचा असतो. फेकण्यासाठी तो डावा खांदा पुढे करून उभा राहतो, त्यामुळे त्याच्या डाव्या अंगाला जे चालले आहे ते त्याच्या पाठीमागे पडते. दोन्ही संघ समोरासमोर असल्यामुळे त्याची डावी बाजू म्हणजे बचाव करणाऱ्यांची उजवी बाजू. या उजव्या टोकावरून धावून येणारा लाइनबॅकर क्वार्टरबॅकला दिसतच नाही. न्यूयॉर्क जायंट्सचा लॉरेन्स टेलर १९८१ पासून याच बाजूने येऊन आक्रमकांची झोप उडवत असे. १९८६ मध्ये त्याने क्वार्टरबॅकला चेंडूसह पाडण्याचे, म्हणजे सॅकचे, २०.५ बळी नोंदवले आणि बचावपटू असूनही तो त्या हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याच्यासारख्यांना थोपवण्यासाठी संघ आपला सर्वांत चपळ आणि महागडा रक्षक, म्हणजे लेफ्ट टॅकल, त्या आंधळ्या बाजूला ठेवू लागले. उजवीकडच्या टॅकलकडून पूर्वापार ताकदीची अपेक्षा अधिक होती, कारण अनेकदा त्याच्या शेजारी टाइट एंड नावाचा आणखी एक धिप्पाड गडी उभा राहतो आणि धावण्याच्या डावात त्या बाजूने रेटा येतो.

यावरून आपल्या लक्षात येईल की बचावाच्या उजव्या टोकाचा लाइनबॅकर आणि डाव्या टोकाचा लाइनबॅकर यांचे पद एक असले तरी दिवसभराचे काम एक नाही. उजवीकडच्याला चपळ रक्षकाला वळसा घालून मागून झडप घालायची असते. डावीकडच्याला अनेकदा दोघांचा भार अंगावर घ्यावा लागतो, धावणारा कडेने निसटू नये म्हणून किनारा राखावा लागतो आणि क्वार्टरबॅकला तो येताना दिसत असतो. मात्र त्याचा एक फायदा आहे. उजव्या हाताच्या क्वार्टरबॅकचा चेंडू धरलेला हात त्याच बाजूला असतो, त्यामुळे हातावर फटका मारून चेंडू पाडण्याची संधी डावीकडून येणाऱ्याला समोरून मिळते. वॉटने २०१९ मध्ये ८ वेळा प्रतिस्पर्ध्यांच्या हातून चेंडू पाडला, यामागे त्याच्या हाताची चलाखी आहेच. त्याची जागाही त्या कलेला पोषक होती, असे मी मानतो.

आता अंगाची सवय. आपण जिल्ह्याच्या क्रीडा संकुलात ४०० मीटरच्या धावमार्गावर मुले पळताना पाहिली असतील. ती नेहमी डावीकडे वळतात, म्हणजे डावा खांदा आत आणि उजवा बाहेर असतो. त्यांना एके दिवशी उलट दिशेने पळवून पाहा. पाय तेच, ताकद तीच; पण वळणावर शरीर बाहेर फेकले जाते आणि पाऊल अडखळते. उजव्या टोकाचा लाइनबॅकर टॅकलला वळसा घालताना असाच डावीकडे वळतो. डावा खांदा जमिनीकडे झुकवून तो टॅकलच्या हाताखालून जातो, त्या क्षणी त्याच्या देहाचा सारा तोल डाव्या घोट्यावर असतो. डाव्या टोकाला हे सगळे आरशातल्याप्रमाणे उलटे होते. उजवा खांदा झुकवायचा, उजव्या घोट्यावर तोलायचे. सुरुवातीला जो पाय पुढे होता तो मागे घ्यायचा आणि प्रतिस्पर्ध्याचा हात झटकण्यासाठी जो हात वर्षानुवर्षे चालला, त्याच्याऐवजी दुसरा चालवायचा. किनारा राखतानाही नियम असा, की बाहेरचा हात कायम मोकळा हवा, म्हणजे कडेने निघालेल्याला अडवता येते. उजवीकडे हा मोकळा हात उजवा असतो, डावीकडे डावा. टॅकलने धडक दिल्यापासून क्वार्टरबॅकच्या हातून चेंडू सुटेपर्यंत जेमतेम दोन-तीन सेकंद मिळतात. कोणता हात, कोणता पाय, याचा विचार करायला त्यात जागा नसते.

या अदलाबदलीचे फलित काय? वॉटचे सॅक पहिल्या वर्षीच्या ७ वरून २०१८ मध्ये १३ झाले आणि २०२१ मध्ये त्याने २२.५ सॅक करून मायकेल स्ट्रेहनच्या २००१ मधील विक्रमाशी बरोबरी केली. डुप्रीचे मात्र ६ वरून ५.५ झाले, पुढच्या वर्षी, २०१९ मध्ये, ते ११.५ वर गेले. वॉटची सारी भरभराट बाजू बदलल्यामुळे झाली असे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण गुणी खेळाडू दुसऱ्या वर्षी बहरतोच. पण डुप्रीचे आकडे मला अधिक बोलके वाटतात. नव्या बाजूवर पहिले वर्ष जेमतेम गेले आणि दुसऱ्या वर्षी तो खुलला. बदल योग्य की अयोग्य, याचा निवाडा चार सामन्यांत करू पाहणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. आपल्या मुलाच्या मित्रांनाही हे जरूर सांगा.

प्रश्न : जो दोन्ही बाजूंनी तितकाच चांगला खेळतो, त्याला एकाच जागी का बांधून ठेवायचे? प्रत्येक डावात जिथे समोरचा कच्चा तिथे त्याला पाठवावे.
— महाविद्यालयीन विद्यार्थी, मिरज

उत्तर : असे करणारे संघ आहेत, आणि याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण ७ फेब्रुवारी २०१६ च्या पन्नासाव्या सुपर बोलमध्ये, म्हणजे हंगामाच्या अंतिम सामन्यात, दिसले. डेन्व्हर ब्रॉन्कोसचा व्हॉन मिलर दोन्ही टोकांना खेळू शकत असे. बचावाचे सूत्रधार वेड फिलिप्स यांच्या योजनेत त्याला कॅरोलिना पँथर्सच्या उजव्या टॅकलवर सोडले गेले. त्याने क्वार्टरबॅक कॅम न्यूटनच्या हातून दोनदा चेंडू पाडला, २.५ सॅक केले, डेन्व्हरने २४–१० असा विजय मिळवला आणि सामन्याचा मानकरीही मिलरच ठरला. दोन्ही वेळा चेंडू पडला तो त्याच टॅकलच्या बाजूने. ही योजना साधते, कारण आक्रमकांचे दोन टॅकल आपापल्या जागा सहसा बदलत नाहीत. त्यांचीही शरीरे एकेका बाजूला घडलेली असतात. त्यामुळे बाजू निवडणारा बचावपटू आपला प्रतिस्पर्धीच निवडतो. समोरच्यांना फार तर टाइट एंडला त्या बाजूला आणून टॅकलच्या मदतीला देता येते.

परंतु दोन्ही खांद्यांना सारखाच पळणारा गडी विरळा, हे विसरू नका. आमच्याकडे अशा बैलाला बाजारात दर जास्त मिळतो, तो काही उगाच नव्हे.

प्रश्न : मी कराडजवळच्या एका शाळेत मुलींच्या कबड्डी संघाला शिकवते. डावा कोपरा सांभाळणारी आमची मुलगी संघात सर्वांत भरवशाची आहे. उजवा कोपरा कच्चा आहे. पुढच्या स्पर्धेत ज्या संघाशी गाठ आहे त्यांची मुख्य चढाईपटू नेमकी उजव्या कोपऱ्यावर जाते. स्पर्धेला १२ दिवस उरले आहेत. दोघींच्या जागा बदलू का?
— क्रीडाशिक्षिका, कराड तालुका

उत्तर : ताई, बदलू नका. याची दोन कारणे आहेत.

पहिले कारण आपल्या खेळाच्या रचनेत आहे. वर मिरजेच्या विद्यार्थ्याला सांगितले, की अमेरिकन फुटबॉलमध्ये बाजू बदलणारा बचावपटू आपला प्रतिस्पर्धी निवडतो. कबड्डीत निवड चढाईपटूच्या हाती असते. आपण भरवशाची मुलगी उजवीकडे आणली, हे समोरच्या मुलीला पहिल्याच चढाईत कळेल आणि पुढच्या चढाईला ती डावीकडे वळेल. तिथे आता आपली कच्ची मुलगी अनोळखी जागेवर उभी असेल. तीस सेकंदांची एक चढाई वाचवण्यासाठी आपण दोन्ही कोपरे मोडून ठेवाल.

दुसरे कारण मी स्वतः भोगले आहे. अनेक वर्षे मी डाव्या कोपऱ्यावर खेळलो. एका तालुका स्पर्धेत आमच्या उजव्या कोपऱ्याचा पाय मुरगळला आणि मला मध्यंतरानंतर तिथे उभे केले. डाव्या कोपऱ्यावर असताना साखळीत माझा उजवा हात शेजाऱ्याच्या हातात असे आणि बाहेरचा डावा मोकळा. त्या डाव्या हाताला किती पुढे जायचे, हे मला न पाहता कळत असे. उजवीकडे मोकळा राहिला तो उजवा हात. चढाईपटूने बोनस रेषेकडे पाय टाकला, तेव्हा माझे डोके वेळेवर निघाले, पण पाऊल चुकीचे पडले. ज्या घोट्याला मी विटेसारखा घट्ट धरला असता, तो बोटांना चाटून गेला आणि माझ्या मुठीत मैदानाची लाल माती तेवढी राहिली. तशी चूक त्या दिवशी तीनदा झाली. तिसऱ्या वेळी तर मी सवयीने शेजाऱ्याचा हात सोडवून घेतला आणि साखळीच तुटली. सामना आम्ही गमावला. कितीतरी दिवस मला वाटत राहिले की माझी हिंमत कमी पडली. ती कमी पडली नव्हती, शरीर डावीकडे घडले होते, एवढेच.

म्हणून आपल्या भरवशाच्या मुलीला तिच्या जागी राहू द्या आणि हे १२ दिवस उजवा कोपरा व उजवा मध्यरक्षक या जोडीवर खर्च करा. कच्च्या मुलीने एकटीने घोटा धरायला जायचेच नाही, असे तिला बजावा. तिने फक्त चढाईपटूला कडेकडे दाबत न्यायचे, मध्यरक्षकाने धडक द्यायची आणि मगच कोपऱ्याने पायाला हात घालायचा. डावीकडच्या मुलीने रोज शेवटची दहा-पंधरा मिनिटे उजव्या कोपऱ्यावर उभे राहावे, पण ते पुढच्या वर्षासाठी. या स्पर्धेत दुखापत झाली तरच तिला तिथे हलवा. पहिले तीन दिवस तर तिला पकड करायला सांगूच नका. साखळीत डावा हात देऊन नुसती पुढे-मागे सरकू द्या, आणि उजवा पाय आपोआप योग्य जागी पडू लागला की मग समोर चढाईपटू उभी करा.