ॲप निवडण्याआधी त्यातून निघणारी फाइल पाहा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: नवा लॅपटॉप घेण्यात ठरलेले सगळे पैसे संपले. आता शाळेची टिपणे, वसाहतीचे त्रैमासिक, थोडे चित्रकाम आणि आजीच्या तोंडच्या गोष्टींचे ध्वनिमुद्रण एवढ्या कामांसाठी कोणती ॲप टाकावीत, आणि त्यांतली कोणती विकत घ्यावीत? विकत घेण्याचे उत्तर आधीच देतो. यांपैकी एकाही कामासाठी तुम्हाला पैसे मोजावे लागणार नाहीत. बाकीचे उत्तर मात्र लांबणार आहे, कारण नागपुरात महाल भागात गेली सव्वीस वर्षे मराठी अक्षरजुळणीचे काम केल्यावर माझे एक ठाम मत झाले आहे. ॲप किती देखणे आहे किंवा त्यात किती सोयी आहेत, यापेक्षा त्यातून निघालेली फाइल दहा वर्षांनी, दुसऱ्या संगणकावर, दुसऱ्या माणसाला उघडता येईल का, हे पाहूनच ते निवडावे.

हे मत मला महागात पडून झालेले आहे. २००३ साली मी एका शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची ९६ पानांची स्मरणिका जुळवली. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे ती ज्या फॉन्टमध्ये जुळवली होती, त्यात रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. संगणकाच्या लेखी ते सगळे इंग्रजी अक्षरांचे कडबोळे होते, फॉन्टच्या मुखवट्यामुळे ते आपल्याला मराठी दिसायचे इतकेच. २०१९ मध्ये त्याच शाळेला पुरवणी काढायची होती, म्हणून मी ती सीडी शोधून काढली. फाइल उघडली, पण तो फॉन्ट नव्या संगणकावर चालेना. मजकूर रूपांतरित करून पाहिला, तर जोडाक्षरे फुटली, रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसला आणि निम्म्या वेलांट्या गळाल्या. शेवटी छापील प्रत समोर ठेवून सगळी पाने पुन्हा जुळवली. त्यातले तीन लेखक तोपर्यंत हयात नव्हते, त्यामुळे शंका आली तर विचारायलाही कोणी नव्हते.

म्हणून तुमची पहिली निवड ही ॲपची नसून टंकलेखनाची आहे. जे लिहाल ते युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, लिहा. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून युनिकोडमध्ये देवनागरी आहे आणि आज विंडोज, लिनक्स आणि मोबाइल या सगळ्यांना ती कळते. विंडोजच्या भाषांच्या सेटिंगमध्ये मराठी जोडली की कळफलक आपोआप मिळतो, आणि विंडोजची कळ धरून स्पेस दाबली की इंग्रजी आणि मराठी आलटून पालटून येतात. उच्चाराप्रमाणे रोमन अक्षरांतून मराठी उमटवणारे कळफलकही आहेत आणि चार ओळींच्या पत्राला ते पुरतात. पण तुम्ही त्रैमासिक काढणार आहात, तेव्हा माझा आग्रह इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या प्रमाण कळफलकाचा राहील. त्यात स्वर डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताला असल्यामुळे दोन्ही हात आलटून पालटून चालतात. 'नागपूर' लिहायला सहा कळा लागतात: व्ही, ई, आय, एच, टी, जे. 'दुसऱ्या' मधला ऱ्या अनेकांना अडवतो. तो शिफ्ट धरून जे, मग डी, मग य आणि काना असा येतो. रोज अर्धा तास दिला तर तीन आठवड्यांत बोटांना सवय होते. माझ्याकडे शिकायला आलेल्या मुलामुलींचा अनुभव असाच आहे.

टंकलेखन बसले की कोणत्याही नव्या ॲपला काम देण्याआधी त्याच्यात एक ओळ लिहून पाहा: 'दुसऱ्या तऱ्हेचे वाङ्मय, विठ्ठलाचे उद्घाटन, ॲप, ऑक्टोबर'. ही ओळ पडद्यावर नीट दिसली पाहिजे, तिची पीडीएफ काढल्यावर नीट दिसली पाहिजे, आणि त्या पीडीएफमधून नक्कल करून दुसरीकडे चिकटवल्यावर बऱ्यापैकी जशीच्या तशी आली पाहिजे. यातला 'ॲ' युनिकोडमध्ये २००८ साली आला, म्हणून फार जुन्या फॉन्टमध्ये त्याच्या जागी रिकामा चौकोन दिसतो. हा दोष ॲपचा नसतो, फॉन्टचा असतो. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे 'मुक्त' आणि 'बलू', तसेच आयआयटी मुंबईतून आलेला 'शोभिका' हे फॉन्ट मोफत आहेत आणि छापायलाही मोकळे आहेत. सलग मजकुराला शोभिका, सूचना आणि चौकटींना मुक्त, मुलांच्या पानाला बलू, अशी वाटणी मी करीन.

आता लेखनाचे मुख्य ॲप. माझी निवड लिबरऑफिस आहे. २०१० साली ओपनऑफिसपासून वेगळे होऊन ते उभे राहिले. त्याची मूळ फाइल ओडीएफ प्रकारची असते, आणि हा प्रकार २००६ पासून आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचे मानक आहे. म्हणजे उद्या लिबरऑफिस राहिले नाही, तरी ती फाइल कशी वाचायची हे जगाला ठाऊक राहील. वर्डच्या फाइलीही ते उघडते, फक्त तक्ते आणि चौकटी असल्या तर मांडणी थोडी सरकते. शाळेच्या कार्यालयाला वर्डचीच फाइल हवी असेल, तर मूळ प्रत ओडीएफमध्ये ठेवून वेगळी प्रत वर्डच्या प्रकारात काढून द्यावी.

नवख्या माणसाला यात एक अडचण हमखास येते. लिबरऑफिस रोमन लिपीसाठी एक फॉन्ट आणि देवनागरीसारख्या लिप्यांसाठी दुसरा फॉन्ट, असे दोन वेगळे हिशेब ठेवते. परिच्छेदाची शैली, म्हणजे फॉन्ट, आकार, ठळकपणा यांचा एका नावाने जपलेला संच, बदलताना तुम्ही वरच्या रकान्यात आकार चौदा केला आणि मराठी मजकूर तसाच राहिला, तर ॲप बिघडले असे समजू नका. कॉम्प्लेक्स, म्हणजे देवनागरीसारख्या, लिपीचा रकाना वेगळा असतो, तिथेही फॉन्ट आणि आकार भरावा लागतो. आधी टूल्समधील ऑप्शन्समध्ये जाऊन भाषांच्या पानावर मूळ भाषा मराठी करून ठेवा. शैलीचा उपयोग पहिल्याच दिवसापासून करा, कारण प्रत्येक शीर्षक हाताने ठळक करत बसणारा माणूस तिसऱ्या अंकात थकतो. शैली वापरणारा माणूस एका ठिकाणी बदल करून सगळा अंक बदलतो.

सोळा पानांपर्यंतचे त्रैमासिक लिबरऑफिसच्या रायटर या लेखनाच्या भागातच होऊ शकते. त्यापुढे स्तंभ, चौकटी आणि चार रंगांची छपाई आली की स्क्रायबस हे पाने मांडण्याचे ॲप घ्यावे. स्क्रायबसच्या १.४ आवृत्तीत मराठी जोडाक्षरे तुटत असत आणि त्यामुळे त्याची नागपुरातल्या आमच्या व्यवसायात बदनामी झाली. ती आता खरी धरू नये, कारण २०२४ साली आलेल्या १.६ मध्ये देवनागरीची जुळणी नीट होते. छापखान्याला पीडीएफ देताना फॉन्ट आत बसवलेला आहे ना आणि कडेला भिडणारे रंग आणि चित्रे चारी बाजूंनी कापण्याच्या रेषेपलीकडे तीन मिलिमीटर वाढवली आहेत ना, एवढे पाहा. ती वाढ नसली की कागद कापताना कडेला पांढरी रेघ राहते.

चित्रकामात तीन नावे येतात आणि तिघांचे काम वेगळे आहे. फोटो उजळणे, कापणे, डाग काढणे हे गिंपचे काम. हाताने रंगवायचे असेल, विशेषतः पेन आणि टॅबलेट असेल, तर क्रिटासारखे दुसरे मोफत ॲप मला माहीत नाही. बोधचिन्ह, फलक, लेबल, निमंत्रण यांसाठी इंकस्केप. तुम्ही आधी इंकस्केप शिका. ते २००३ पासून आहे, त्याची एसव्हीजी फाइल आकृती ठिपक्यांऐवजी रेषांच्या वर्णनाने साठवते, म्हणजे ती साधा मजकूरच असते, आणि आकृती कितीही मोठी केली तरी तिच्या कडा फाटत नाहीत. गेल्या पोळ्याला आमच्या गल्लीतल्या मुलांना तान्ह्या पोळ्याच्या दिवशीच्या मारबत, म्हणजे अनिष्टाचे प्रतीक असलेल्या पुतळ्यांच्या, मिरवणुकीसाठी फलक हवा होता. काळ्या आणि पिवळ्या मारबतीच्या आकृत्या त्यांनी क्रिटात रंगवल्या, अक्षरे आणि चौकट इंकस्केपमध्ये केली. तीच फाइल मोबाइलवर पाठवायलाही वापरली आणि आठ फुटी फलकालाही. फलकवाल्याकडे तो फॉन्ट नसतो, म्हणून पाठवण्याआधी अक्षरांचे आकृतीत रूपांतर करावे लागते. ते केल्यावर मजकूर दुरुस्त करता येत नाही, त्यामुळे आधीची प्रत वेगळ्या नावाने जपून ठेवायची. ही सवय नसल्यामुळे एका अनुस्वारासाठी आख्खे काम पुन्हा करावे लागल्याचे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

आजीच्या गोष्टींबद्दल मला विशेष आस्था वाटते, कारण तुमच्या यादीतले एवढेच काम पुन्हा करता येण्यासारखे नाही. यासाठी ऑडॅसिटी घ्या. नागपूरच्या एप्रिल आणि मे महिन्यांत घरात कूलर चालू असतो आणि त्याची घरघर आवाजाच्या मागे सतत राहते. ऑडॅसिटी ती कमी करू शकते. सुरुवातीला कोणी न बोलता पाच सेकंद तशीच जाऊ द्यायची. मग तेवढा तुकडा निवडून नॉइज रिडक्शन या नको असलेला आवाज गाळणाऱ्या सोयीत त्याची ओळख करून द्यायची, आणि नंतर सगळे ध्वनिमुद्रण निवडून तोच परिणाम द्यायचा. पण मात्रा वाढवली की आजीचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो. कूलर वीस मिनिटे बंद ठेवून सकाळी सातच्या आत बसणे, हा त्यापेक्षा फार चांगला उपाय आहे. मूळ प्रत डब्ल्यूएव्ही या आवाज न दाबता साठवणाऱ्या प्रकारात ठेवा. सेकंदाला ४४,१०० नमुने, सोळा बिट आणि एकच वाहिनी (मोनो) असे धरले तर मिनिटाला साधारण पाच एमबी, तासाला सव्वातीनशे एमबी जागा लागते. आजच्या डिस्कला हे काहीच नाही. नातेवाइकांना पाठवायला एमपी३ काढा, पण कापाकापी नेहमी मूळ प्रतीच्या नकलेवरच करा.

बारीकसारीक गोष्टींत फाइली शोधायला एव्हरीथिंग, दाबलेल्या (झिप) फाइलींसाठी सेव्हन-झिप, कोणतीही चित्रफीत पाहायला व्हीएलसी आणि पासवर्ड ठेवायला कीपासएक्ससी एवढे पुरे. एव्हरीथिंग मराठी नावांनीही शोधते, म्हणून फाइलींना निःसंकोच मराठीत नावे द्या. जुन्या छापील पानांवरून मजकूर काढायचा असेल तर टेसरॅक्टला मराठी वाचता येते. माझ्या त्या ९६ पानांच्या वेळी मी ते वापरले असते तर निदान निम्मे श्रम वाचले असते, प्रूफ मात्र डोळ्यांनीच वाचावे लागले असते.

राहिला प्रश्न जपणुकीचा. उन्हाळ्यात वीज अधूनमधून जाते. लॅपटॉपला त्याची झळ कमी लागते, तरी लिबरऑफिसमध्ये आपोआप जतन करण्याची मुदत पाच मिनिटांवर आणून ठेवा. दोन संगणकांतले फोल्डर सारखे ठेवायला सिंकथिंग चांगले आहे, पण एकीकडे पुसलेली फाइल ते दुसरीकडेही पुसते, म्हणून त्याला बॅकअप समजू नये. बाहेरची डिस्क वेगळी हवी, आणि ती महिन्यातून एकदा जोडून, नक्कल करून, काढून कपाटात ठेवायची. घरातला जुना संगणक विंडोज १० वर असेल, तर १४ ऑक्टोबर २०२५ पासून त्याचा नियमित आधार थांबला आहे. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत संगणकप्रणाली टाकली तर लिबरऑफिस, इंकस्केप, क्रिटा, गिंप, स्क्रायबस आणि ऑडॅसिटी तिथेही चालतात आणि याच फाइली उघडतात.

सगळे एकाच दिवशी टाकू नका. या आठवड्यात मराठी कळफलक, मुक्त आणि शोभिका हे फॉन्ट, लिबरऑफिस आणि ऑडॅसिटी एवढेच घ्या. आजीची पहिली गोष्ट याच आठवड्यात ध्वनिमुद्रित करा. पहिल्या अंकाचे मुखपृष्ठ करायच्या वेळी इंकस्केप घ्या, आणि स्क्रायबस तिसऱ्या अंकापर्यंत थांबू शकते.