२२२ सीडींचा डबा घ्यावा का? आधी तो कशाभोवती बांधलाय ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दहा-बारा सुट्या सीडी झाल्या आहेत, पाश्चात्त्य अभिजात संगीताची गोडी लागली आहे, आणि आता बाखचा २२२ सीडींचा संपूर्ण संच खुणावतोय. दर सीडीमागे हिशेब केला तर तो सुट्या सीडींपेक्षा कितीतरी स्वस्त पडतो. मग घेऊन टाकावा का? आणि नाही, तर सुरुवात कुठून करावी?

आत्ता नको, असं माझं मत. पुढे कधीतरी जरूर घ्या.

दर सीडीमागचा हिशेब मीही वर्षानुवर्षं केलाय. त्यातली गोम अशी की आपण डब्यातल्या सगळ्या सीडींनी भागतो, ऐकलेल्या सीडींनी भागायला हवं. आठवड्याला एक सीडी नीट ऐकलीत, म्हणजे पुस्तिका हातात धरून, भांडी घासता घासता नव्हे, तरी २२२ सीडींना सव्वाचार वर्षं लागतात. तेवढ्या काळात तुम्ही दुसरं काहीच आणणार नाही, यावर माझा विश्वास नाही. माझ्याकडे एक डबा आहे, त्यातल्या पहिल्या नऊ सीडींची पाकिटं मऊ पडलीत आणि बाकीची अजून कोरी करकरीत. नव्याचे नऊ दिवस इतके शब्दशः क्वचितच दिसतात.

डबा हातात आला की मी आधी एकच गोष्ट बघते: हा कशाभोवती बांधलाय? संगीतकाराभोवती, कलाकाराभोवती, लेबलाभोवती (म्हणजे सीडी काढणाऱ्या कंपनीभोवती), की एखाद्या कृतीभोवती? बाकीचे गुणदोष बहुतेक त्यावरून ठरतात.

तुम्ही बघताय तो संगीतकाराभोवतीचा. बाखचा जन्म १६८५चा, त्याला ३३३ वर्षं झाली म्हणून २०१८ साली तो निघाला. त्याआधी २०१६ मध्ये मोझार्टच्या मृत्यूला २२५ वर्षं झाली म्हणून २०० सीडींचा संच आला होता. (कंपन्यांना जयंती-पुण्यतिथीचं निमित्त नेहमीच सापडतं.) अशा डब्यात संगीतकाराचं सगळं असतं, आणि सगळं म्हणजे खरंच सगळं: अपुरे तुकडे, पर्यायी आवृत्त्या, त्याच्याच आहेत की नाहीत अशी शंका असलेल्या रचनासुद्धा. कलाकार मात्र ठिकठिकाणचे एकत्र केलेले. हा विश्वकोश आहे. अमुक रचना कशी आहे हे बघायचं असलं की उठून काढता येतो, तेव्हा त्याच्यासारखं सुख नाही. पण विश्वकोश पहिल्या पानापासून वाचत कोणी भाषा शिकत नाही.

बाखच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. त्याचे चर्चसाठी लिहिलेले साधारण दोनशे कँटाटा (गायक आणि वाद्यवृंदासाठीच्या अनेक भागांच्या रचना) शिल्लक आहेत आणि तेवढ्यांनाच पन्नासच्या वर सीडी लागतात. वाद्यवृंद-संचालक मासाआकी सुझुकींचा कँटाटांचा डबा ५५ डिस्कचा, दुसरा संचालक जॉन एलियट गार्डिनर, त्याचा ५६ चा. म्हणजे संपूर्ण बाख घेतलात तर जवळजवळ चौथा हिस्सा असा येतो की त्यात शिरायला वाट माहीत हवी. वाट आहे, आणि ती मला उशिरा कळली. बहुतेक कँटाटा वर्षातल्या ठरावीक रविवारासाठी किंवा सणासाठी लिहिलेले आहेत. गार्डिनरने २००० साली वर्षभर गावोगावच्या चर्चमध्ये फिरून ज्या त्या दिवसाचा कँटाटा सादर केला, त्या प्रवासातून त्याचा डबा तयार झाला. आपणही घरबसल्या तेच करावं: त्या रविवारचा एक कँटाटा, फार तर दोन, शब्द समोर ठेवून. वीस-पंचवीस मिनिटांचं काम. वर्ष संपता संपता एवढा मोठा ढीग अंगवळणी पडलेला असतो. क्रमांक एकपासून ऐकायला घेतलेत तर तिसऱ्या आठवड्यात सोडाल, मी सोडलं होतं.

कलाकाराभोवतीच्या डब्यांवर माझा जीव आहे, पण सीडींच्या आकड्यावर जाऊ नका. हल्ली हे डबे मूळ एलपींच्या मुखपृष्ठांसकट निघतात आणि प्रत्येक सीडीवर एका एलपीएवढंच संगीत असतं. सीडीवर ऐंशी मिनिटांच्या आसपास मावतं, एलपीच्या दोन बाजू मिळून पाऊण तासाच्या आगेमागे. पियानोवादक ग्लेन गूल्डच्या २०१५च्या डब्यात ८१ सीडी आहेत. त्यातली पहिली, १९५५ची बाखची गोल्डबर्ग व्हेरिएशन्स, जेमतेम ३८ मिनिटांत संपते. १९८१ साली त्याने तीच रचना पुन्हा वाजवली ती ५१ मिनिटांची, ती वेगळ्या सीडीवर. तरी मला ही पद्धत आवडते. त्या वेळी कोणत्या रचनेशेजारी कोणती ठेवली होती ते कळतं, आणि पाऊण तास ही एका बैठकीला योग्य लांबी आहे. तक्रार एवढीच की एलपीच्या मागचा मजकूर सीडीच्या आकारात आला की भिंग लावूनही वाचवत नाही.

अशा डब्यात एकच रचना दोन-तीनदा येते, हेही लक्षात असू द्या. पियानोवादक आर्थर रुबिन्स्टाइनच्या १४२ सीडींच्या संचात शोपँचे नॉक्टर्न (पियानोच्या छोट्या, हळुवार रचना) तीनदा आहेत: १९३० च्या दशकातले, १९४९-५० चे आणि १९६० च्या दशकातले स्टिरिओ. नवख्या माणसाला ही पुनरुक्ती वाटते. मला विचाराल तर डब्याचं सगळं मोल तिथेच आहे. तरुणपणी तो ज्या वळणावर घाई करायचा तिथे म्हातारपणी थांबतो, हे शेजारी शेजारी ठेवून ऐकल्याशिवाय कळत नाही. पण त्यासाठी आधी ते नॉक्टर्न कानात बसलेले हवेत.

लेबलाभोवतीचे डबे, म्हणजे एखाद्या कंपनीच्या भांडारातून निवडलेल्या पन्नासेक सीडी. डॉइच ग्रामोफोनने स्थापनेला १११ वर्षं झाली म्हणून २००९ मध्ये ५५ सीडींचा काढला होता. मर्क्युरी लिव्हिंग प्रेझेन्सचा २०१२चा डबाही असाच. त्या लोकांनी स्टिरिओसाठी अख्ख्या वाद्यवृंदासमोर तीनच मायक्रोफोन टांगले आणि पुढे १९६० च्या दशकात ३५ मिलिमीटरच्या चित्रपट-फितीवर मुद्रण केलं. साठ वर्षांनंतरही ते ऐकताना आपण सभागृहात बसलोय असं वाटतं. मोठाच डबा घ्यायची हौस आवरत नसेल तर पहिला मोठा डबा या जातीचा घ्या. पन्नास वेगळ्या ओळखी होतात आणि त्यातल्या कोणाशी मैत्री करायची ते तुमचं तुम्हाला समजतं. आपल्याला पियानोपेक्षा चेलो जास्त भावतो, हे मला अशाच एका डब्यामुळे कळलं.

पण खरी सुरुवात चौथ्या प्रकाराने करा. एक कृती किंवा एकाच जातीच्या कृती, एक कलाकार, पाच ते पंधरा सीडी. बीथोवनच्या नऊ सिंफनी पाच-सहा सीडींत बसतात, ३२ पियानो सोनाटा नऊ-दहांत, स्ट्रिंग क्वार्टेट (चार तंतुवाद्यांसाठीच्या रचना) आठेक सीडींत. हे संच संपतात, आणि संपलेला डबा पुन्हा पहिल्यापासून लावावासा वाटतो. संचालक कारायानची १९६१-६२ची बर्लिन फिलहार्मोनिक वाद्यवृंदाबरोबरची बीथोवन सिंफनींची मालिका मुळातच एक संच म्हणून रेकॉर्ड केलेली आहे, तिला सलग धागा आहे. याच जातीत मोठ्या उड्याही आहेत: संचालक आंताल दोरातीच्या हायडन सिंफनी ३३ सीडी, स्कॉट रॉसने हार्पसिकॉर्ड या पियानोआधीच्या कळवाद्यावर वाजवलेले स्कार्लाटीचे ५५५ सोनाटा ३४ सीडी. स्कार्लाटी मात्र मी आकड्याला न घाबरता सुचवेन. एकेक सोनाटा चार-पाच मिनिटांचा, कुठूनही उघडा, रोज तीन ऐका.

ऑपेराच्या डब्याला एक अट: संहिता आणि तिचं भाषांतर छापील आहे का ते आधी बघा. संचालक शोल्टीची वाग्नरची ‘रिंग’ ही चार ऑपेरांची मालिका (१९५८ ते १९६५, व्हिएन्नाचं सोफियनझाल सभागृह, निर्माता जॉन कल्शॉ) १४ सीडींची आहे. समोर शब्द नसतील तर त्यातले दोन तास केवळ कोणीतरी कोणावर तरी रागावलंय एवढंच कळतं. स्वस्त पुनर्मुद्रणात पहिली काट संहितेलाच लागते. ‘संहिता आमच्या संकेतस्थळावर’ असं छापलेलं असलं तरी काही वर्षांनी तो दुवा उघडेल याचा भरवसा नाही. घेतल्या दिवशीच उतरवून ठेवा.

‘संपूर्ण’ हा शब्दही नीट वाचा. बहुतेक वेळा त्याचा अर्थ ‘आमच्या लेबलासाठी केलेलं संपूर्ण’ असा असतो. ऑपेरा-गायिका मारिया कॅलसचा २०१४चा ६९ सीडींचा डबा संपूर्ण आहे, पण स्टुडिओतल्या मुद्रणांपुरता. रंगमंचावरची मुद्रणं २०१७ मध्ये ४२ सीडींच्या वेगळ्या डब्यात आली, आणि तिचे कित्येक चाहते दुसऱ्या डब्यालाच खरी कॅलस मानतात.

आता दुबार खरेदी. संचालक कार्लोस क्लायबरची व्हिएन्ना फिलहार्मोनिकबरोबरची बीथोवनची पाचवी सिंफनी माझ्याकडे तीनदा आहे: एक सुटी, एक क्लायबरच्या डब्यात, एक लेबलच्या डब्यात. तीही थोरच आहे म्हणून दुःख कमी. उलट प्रकार जास्त होतो. एखादी रचना ‘नाही आपल्याकडे’ म्हणून मागवायची आणि मग ती कुठल्याशा डब्याच्या ४३ व्या सीडीवर सापडायची. काखेत कळसा. यावर उपाय म्हणजे पहिल्या डब्यापासून यादी ठेवणं. साधा तक्ता पुरतो: संगीतकार, रचना आणि तिचा सूची-क्रमांक, कलाकार, मुद्रणाचं वर्ष, डबा, सीडी क्रमांक. मुद्रणाचं वर्ष टाळू नका. ‘कारायानच्या बीथोवन सिंफनी’ म्हटलं तर त्याने त्या एकट्या डॉइच ग्रामोफोनसाठीच तीनदा पूर्ण केल्यात, १९६० च्या, ७० च्या आणि ८० च्या दशकात, आणि त्याआधीची फिलहार्मोनिया वाद्यवृंदाबरोबरची वेगळीच. वर्षाशिवाय ती नोंद निरुपयोगी.

डबा आला की त्याच आठवड्यात प्रत्येक पाकीट उघडून बघा. मी एकदा दोन वर्षांनी बघितलं. ३७ व्या पाकिटात ३६ व्या सीडीचीच दुसरी प्रत निघाली. बदलून मागायची मुदत कधीच उलटली होती आणि डबा छापणंही बंद झालं होतं. संगणकावर उतरवून घेण्याचा फायदा इथेही होतो, कारण प्रत्येक सीडी आपोआप तपासली जाते. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपीसारखी साधनं तुमची प्रत इतरांनी उतरवलेल्या प्रतींशी ताडून बघतात. फ्लॅक या फाइल-प्रकारात ठेवा, त्यात आवाजातलं काही गळत नाही आणि जागा साधारण निम्मी लागते. रचनांची नावं मात्र स्वतः तपासा. आपोआप येणाऱ्या नावांत एका डब्यातल्या सलग दोन सीडींवर संगीतकाराचं नाव तीन प्रकारे लिहिलेलं सापडतं.

सांभाळायचं म्हणाल तर पुठ्ठ्याच्या घट्ट पाकिटातून सीडी ओढू नका. दोन्ही कडा हलक्या दाबून तोंड फुगवा आणि ती हातात सरकू द्या. जपायची ती छापील बाजू. माहितीचा धातूचा थर तिथेच पातळ लाखेखाली असतो. चकचकीत बाजूचा ओरखडा घासून घालवता येतो, वरच्या बाजूने खरवडलं तर सीडी गेली. जुने जाड प्लास्टिकचे डबे घेतलेत तर आतल्या स्पंजच्या चकत्या आधी फेकून द्या. त्या वर्षांनी विरघळून सीडीला चिकटतात, माझी एक ऑपेरा अशीच वाया गेली. आणि साधारण १९८८ ते १९९३ दरम्यान ब्रिटनमधल्या एका कारखान्यात निघालेल्या बऱ्याच सीडी कडेकडून तांबूस होत जातात. त्या काळातला वापरलेला डबा घेताना प्रत्येक सीडी उजेडात धरून बघा.

‘मर्यादित आवृत्ती’ वाचून घाबरू नका. मोठ्या कंपन्यांचं भांडार काही वर्षांनी नव्या वेष्टनात, कधी नव्याने साफ केलेल्या आवाजात, परत येतं. २०१३ मध्ये ईएमआयचा अभिजात विभाग वॉर्नरकडे गेला आणि तीच मुद्रणं नव्या नावाने पुन्हा निघाली. घाई करायचीच तर छोट्या लेबलांच्या, किंवा दुसऱ्याकडून परवाना घेऊन काढलेल्या डब्यांची करा. परवाना संपला की ते पुन्हा येतीलच असं नाही.

तर तुमच्यासाठी, आत्ता: बीथोवनच्या सोनाटांचा किंवा क्वार्टेटचा एक संच, आणि बाखसाठी चेलो सुइट्स आणि ब्रांडेनबुर्ग कॉन्चेर्टो, दोन्ही मिळून चार सीडी. त्या पाठ झाल्या की एकाच कलाकाराचा कँटाटांचा एखादा छोटा संच. तोवर २२२ सीडींचा डबा बाजारात असेल किंवा त्याचा पुढचा अवतार आलेला असेल. त्या दहा-बारा सुट्या सीडींत काय काय आहे तेवढं इथे लिहा. सुचवलेल्यांपैकी दुबार होणारं काही असेल तर आधीच बाजूला काढता येईल.