जुन्या क्लासिक गाडीत ड्रायव्हरच्या पायाशी पाणी साचतं, पुढच्या काचेला सगळीकडून सिलिकॉन लावलं तरी थांबत नाही. काय करू?

पहिलं म्हणजे ती सिलिकॉनची ट्यूब बाजूला ठेवा. मी पण अगदी हेच केलेलं, वर पुढच्या काचेचं रबरसुद्धा नवीन टाकलं आणि पहिल्याच पावसात कार्पेट परत ओलं, म्हणजे खर्च गेला तो गेला आणि डोकं फिरलं ते वेगळंच.

आधी हे पावसाचंच पाणी आहे ना ते बघा. बोटाला चिकट लागलं, गोडसर वास आला, काचेवर आतून तेलकट धुकं धरत असेल तर ते हीटरचं कूलंट आहे, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव (चव घेऊन बघू नका, विषारी असतं). एसी बसवलेला असेल आणि फक्त तो चालू असतानाच ओल येत असेल तर त्याचा ड्रेन पाइप तुंबलाय. यातलं काही नसेल तर पुढे वाचा.

कार्पेट काढा, खालचा फोमही काढा. माझं कार्पेट वरून हाताला कोरडं लागत होतं आणि फोम पिळला तर तपकिरी पाणी, त्यात गंजाचे कण. पाणी साचतं तिथूनच शिरतं असं अजिबात नाही, ते डॅशबोर्डच्या मागून वायरींच्या कडेने फिरत फिरत कुठेही उतरतं आणि गाडी उतारावर उभी असेल तर अजूनच लांब जातं. म्हणून आतला पत्रा पूर्ण पुसून कोरडा करा आणि त्यावर साधी टाल्कम पावडर मारा. एकाने बाहेरून पाइपने पाणी सोडायचं, नोझल न लावता, हळू धार, प्रेशर वॉशर तर नकोच कारण त्याने न गळणारी जागा पण गळते. सुरुवात खालून करायची, एकेका जागी दहा मिनिटं, मग वर सरकायचं. टपापासून सुरू केलंत तर सगळंच भिजतं आणि कळत काहीच नाही.

मी पेडलखाली डोकं घालून टॉर्च धरून पडलो होतो. काचेवर पाणी, काही नाही. वायपरखालच्या जाळीवर पाणी सोडलं, पाचसात मिनिटं काही नाही, आणि मग वायरिंग जिथून आत येतं त्या ग्रोमेटखाली (पत्र्याच्या भोकातलं रबरी बूच) पावडरवर एक बारीक काळी रेघ उतरली. ग्रोमेट कडक होऊन तडकलं होतं, पण खरा घोळ त्याच्या मागे. जाळीखालच्या खोलगट भागात पानांचा चिखल झालेला, ड्रेनच्या टोकाला चपटं रबर असतं त्याची चोच चिकटून बंद, त्यामुळे पाणी चढत चढत त्या भोकापर्यंत यायचं. वाकवलेल्या तारेने ओंजळभर चिखल काढला, ग्रोमेट नवीन, विषय संपला. काचेचा काही दोष नव्हता!

तिथे काही सापडलं नाही तर दरवाजे बघा. दाराच्या आत पाणी जाणं नॉर्मल आहे, ते खालच्या भोकांतून बाहेर पडायचं असतं, पण भोकं बुजली किंवा आतल्या ट्रिममागचा (दाराच्या आतल्या पॅनेलमागचा) प्लास्टिक कागद कोणीतरी फाडून तसाच ठेवला की ते पाणी गाडीत येतं. कागद नवीन लावताना खालची कड दाराच्या आत खोचा, बाहेर ठेवली तर लावून काही उपयोग नाही. पाणी मागे येत असेल तर डिकीचं रबर, टेललॅम्पचे गॅस्केट (दिव्याभोवतीचं सील) बघा. अजून एक जुगाड: काचा बंद करून ब्लोअर बाहेरची हवा आत घेईल असा फुल्ल सोडा आणि बाहेरून रबरांवर साबणाचं पाणी लावा, फट असेल तिथे बुडबुडे येतात.

आणि काचच गळतेय हे नक्की झालं तर रबराची बाहेरची कड प्लास्टिकच्या पट्टीने उचलून न वाळणारं सीलंट आत भरा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन नको, त्यातल्या अ‍ॅसिडने पत्र्याला गंज धरतो आणि नंतर त्याच्यावर रंगही बसत नाही, त्यामुळे तुम्ही लावलंय ते खरवडून काढा. काढताना काचेच्या खालच्या कोपऱ्यांत रंग फुगलेला दिसला तर मात्र काच उतरवून गंज कापण्याशिवाय मार्ग नाही, तिथे कुठलंच सीलंट टिकत नाही.

कार्पेट लगेच बसवू नका. दोनतीन जोराचे पाऊस उघड्या पत्र्यावरच काढा, रोज सकाळी हात फिरवून बघा. आवाज खूप येतो आत, पण मी पंधरा दिवस तशीच चालवली.